नावाचं कडवं

मला चार माणसांत बोलता येत नाही. गायला सांगा, येरमाळ्याला येडाई देवीच्या डोंगरावर भरल्या जत्रेत गाईन, पण दुकानात जाऊन पावशेर चहापत्ती मागायची तर जीभ जड होते. सुंदराबाई म्हणते, "कांतीच्या तोंडाला देवीनं दार केलंय, पर ते नुसतं गाण्यापुरतंच उघडतं." खरं आहे. म्हणून हे लिहून काढते आहे. चौथीपर्यंत शाळा झाली. अक्षर मोठं येतं, ओळ तिरकी जाते, पण लिहिता येतं. कुणाला दाखवायचं म्हणून लिहीत नाही. पोटात राग आहे आणि तो बोलून जात नाही.

मी आराधीण, देवीची गाणी म्हणणारी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली, तीत हळद-कुंकू आणि देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला गोटा, ठेवलेला असतो. आमचा पाच बायांचा मेळा आहे. दोघी झांज वाजवतात, एक तुणतुणं, सगळ्यांत म्हातारी सुंदराबाई मागून सूर ओढते आणि पुढं मी गाते. कुणाकडं लग्न झालं, बाळ झालं, नवस फिटला की आम्हाला बोलावणं येतं. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी जायचं. घरची बाई परडीत पुरणपोळी, भात, कडकण्या वाढते, त्याला परडी भरणं म्हणतात. मग जेवण आणि मग गाणी.

बाहेरच्याला वाटतं, गाणी पाठ असली की झालं. तसं नाही. घरात पाय ठेवल्याबरोबर बघावं लागतं. कोपऱ्यात एखादी सून सगळ्यांपासून लांब बसली असेल, लग्नाला वर्षं झाली असतील, तर पाळण्याचं गाणं काढायचं नाही. म्हातारीचे डोळे भरलेले असतील तर एकदम झांज जोरात धरायची नाही. कुठलं गाणं नको, हे कळायला गाणं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

माणसंही एकेक भेटतात. कळंबला एका मास्तरांनी आम्हाला पाटावर बसवलं आणि लगेच म्हणाले, "जरा लवकर आटपा हं, पाहुण्यांना गाडी गाठायचीय." सुंदराबाई म्हणाली, "मास्तर, आमची काय घाई न्हाई. तुमी देवीलाच इचारा, ती लवकर उटती का." ढोकीला एकानं नव्या ट्रॅक्टरपुढं गायला बोलावलं आणि गाण्यात ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव घ्या म्हणून हटून बसला. मी ट्रॅक्टरचा तांबडा रंग तेवढा गाण्यात घेतला. तो खूश झाला, देवीलाही तांबडा चालतो.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

आमच्यात प्रत्येक गाण्याला शेवटी नावाचं कडवं असतं. जिनं आपल्या गळ्यात माळ घातली तिचं नाव त्या कडव्यात घ्यायचं. गाणं आपण रचलेलं असलं तरी नाव आपलं नाही, गुरूचं. ते नाव आल्याशिवाय गाणं खाली ठेवत नाहीत. मध्येच सोडलं तर गाणं उघडं राहिलं म्हणतात, आणि उघडं गाणं घराला बरं नसतं. म्हणून नाव येईपर्यंत झांज थांबवायची नाही, मग वीज जावो नाहीतर पाऊस येवो.

माझी गुरू सोजरबाई. उंच, काळीसावळी, दात मिशरीनं काळे. वाचता येत नव्हतं, पण एका झांजेचा आवाज दुसरीपेक्षा किंचित मागं पडला तरी डोळे उघडायची. मी तिच्याकडं गेले तेव्हा तिनं मला कितीतरी दिवस गाऊच दिलं नाही. नुसती झांज धरायला लावली. "आदी ऐकायला शीक," म्हणायची. मला ते सोपं गेलं. गप्प बसणं मला आधीपासून येत होतं.

माझं जे गाणं पुढं गाजलं ते मी ढोकीच्या कारखान्याच्या उसात केलं. लग्नानंतर आम्ही नवराबायको ऊसतोडीला जायचो. पोरगा तान्हा होता, त्याला झोळीत घालून झोळी गाडीच्या जुवाला बांधायची आणि फडात जायचं. एकदा त्याला ताप भरला. मुकादम सुट्टी देईना. कोयता चालवत होते, एक डोळा झोळीकडं, आणि तोंडात आपोआप आलं:

ऊस तोडिते गं आई, पाचट बोचतं पायाला
झोळीत लेकरू निजलं, नजर ठेव तू त्याला

पोरगा वाचला. आता तो चाळीशीकडं झुकला आहे आणि मला गाण्यावरून चिडवतो. पट्टा पडल्यावर, म्हणजे तोड संपल्यावर, गावी येऊन मी ते सोजरबाईपुढं म्हटलं. चार कडवी झाली होती. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "शेवट कर." मी तिच्या नावाचं कडवं केलं. ती म्हणाली, "चांगलं झालं. आता हे कुटं हरवायचं न्हाई. माझं नाव हाय त्यात."

तेव्हा मला केवढा आधार वाटला होता त्या बोलण्याचा.

ते कडवं मी इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

सोजरबाई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गाणं मात्र फिरत राहिलं. येरमाळ्याला, तुळजापूरला, बार्शीकडं. कुणीतरी जत्रेत टेपवर घेतलं आणि त्याच्या कॅसेटी निघाल्या. त्या कोण काढायचं हे मला पुढं कळलं. कळंबच्या स्टँडजवळ रशीदभाईंचं दुकान आहे. आज मोबाईलचं आहे, तेव्हा कॅसेटचं होतं. मागं एकदा ते आपणहून म्हणाले, "मावशी, तुमच्या गाण्याच्या कॅसेटी म्याच उतरवायचो. इचारलं न्हाई तुमाला. पर आवाज तुमचाच ठेवला, अन् शेवटचं नाव कधी कापलं न्हाई. कापलं असतं तर बायांनी कॅसेट परत आणून तोंडावर मारली असती."

मला राग आला नाही. बाया ती कॅसेट लावून कांदे कापायच्या, पाळणा हलवायच्या आणि शेवटी सोजरबाईचं नाव आलं की जिथं असतील तिथं हात जोडायच्या. तीही चोरीच होती, नाही म्हणत नाही. पण गाणं हातीपायी सगळं शाबूत होतं.

मग माझी सून आली, सुनीता. बारावी झालेली, तोंडाळ, माझ्या उलट. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिनं अंगणात मला गायला बसवलं आणि मोबाईलवर घेतलं. मी आपली ज्वारी पाखडता पाखडता गात होते. पाचही कडवी. तिनं ते इंटरनेटवर टाकलं. रोज मला सांगायची, "आत्या, आज पुण्याच्या एकीनं लिवलंय, माझी आई हेच म्हणायची." ऊसतोडीला गेलेल्या बाया फडातून ऐकायच्या. मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू.

एक दिवस सुनीता चुलीपाशी येऊन नुसती उभी राहिली. तिचं तोंड बघून मला वाटलं माहेरी कुणाचं काही झालं.

"आत्या, तुमचं गाणं काढून टाकलं."

"कुणी?"

"ज्यांचं हाय त्यांनी. म्हंजी, तसं लिवलंय. हे गाणं तुमचं न्हाई, दुसऱ्याचं हाय, तुमी ते चोरून टाकलंय असं."

भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही. चोरून. माझं लेकरू तापानं फणफणत होतं तेव्हाचे ते शब्द, आणि मी ते चोरले.

आम्ही रशीदभाईंकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मला समजेल असं सांगितलं. इंटरनेटवर कोण खरं कोण खोटं हे माणूस बसून बघत नाही, यंत्र बघतं. ज्यानं आधी जाऊन गाणं आपल्या नावावर लावलं त्याचं ते झालं. मग दुसऱ्या कुणी ते टाकलं की यंत्र ओळखतं आणि उडवतं. खरी मालकीण असली तरी उडवतं.

"अन् लावलंय कुणी?" सुनीतानं विचारलं.

एका शहरातल्या कंपनीनं. त्यांनी एक पोरगी गायला लावून, खाली डीजेचा ठोका देऊन गाणं नव्यानं काढलं होतं. रशीदभाईंनी ते लावून दाखवलं. पडद्यावर एक गोरी बाई फुलांच्या झोक्यावर बसून हसत होती आणि माझं पाचट तिच्या पायाला बोचत होतं. चार कडवी झाली आणि गाणं संपलं.

"नाव?" मी म्हटलं.

"न्हाई ना. कापलंय." रशीदभाई म्हणाले. "छोटं गाणं चालतंय आता, मावशी. पर गंमत बगा, खाली काय लिवलंय. गीत, सोजरबाई. आन् त्यांच्या वारसाकडून घेतलं म्हणून."

वारस म्हणजे भागवत. सोजरबाईचा मुलगा. माझ्याहून थोडा लहान, मला कांताक्का म्हणतो. आईची झांज त्यानं कधी हातात धरली नाही, मेळा घरी बसला की हा बाहेर निघून जायचा.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी गेलो. सुनीताला बरोबर नेलं, कारण मी बोलणार नव्हते हे दोघींनाही माहीत होतं. त्यानं चहा ठेवायला सांगितला. सुनीतानं सगळं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "शहरातनं माणूस आलता. म्हनला, आईच्या नावाची जेवडी गाणी हायत तेवडी द्या. म्या सही दिली. माझ्या आईची गाणी म्या दिली, त्यात काय झालं?"

"हे आत्यांनी केलंय," सुनीता म्हणाली.

"मग त्यात नाव कुनाचं हाय?"

सुनीता माझ्याकडं बघायला लागली.

"सांगा की कांताक्का. नाव कुनाचं हाय?"

"सोजरबाईचं," मी म्हटलं.

"मग झालं. पाटी ज्याची दुकान त्याचं."

उत्तर होतं, पण ते सांगायला सोजरबाईनं झांज धरायला लावली ते दिवस सांगावे लागले असते, उसाचा फड सांगावा लागला असता, आणि हे सगळं ज्याच्या घरात वाढलं त्यालाच सांगावं लागलं असतं. चहा आला. मी घेतला नाही. एवढंच मला त्या दिवशी जमलं.

रशीदभाईंनी कंपनीला फोन लावून दिला. आवाज मोठा ठेवला. तिकडचा माणूस गोड बोलत होता. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण आमच्याकडं रीतसर करार आहे. तुमच्याकडं काही पुरावा?"

"शेवटचं कडवं का कापलं?" मी विचारलं. मी विचारलं याचं रशीदभाईंनाही नवल वाटलं.

"कुठलं कडवं?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "तुम्ही असं करा ना, दोन-चार शब्द बदला, शेवटी तुमचं स्वतःचं नाव घाला आणि परत टाका. यंत्राला वेगळं गाणं वाटतं. सगळे असंच करतात."

म्हणजे ज्यांनी माझं घेतलं ते मलाच शिकवत होते की चोरी कशी करावी.

तेव्हापासून जो भेटेल तो हेच सांगतो. तुझं नाव घाल. माझा मुलगा म्हणाला, तलाठ्याच्या मुलीनं सांगितलं, सुनीताही एकदा म्हणाली. अरे, मला माझं नाव नकोच आहे. माळ जिची, नाव तिचं. ती पद्धत आहे आणि मला ती आवडते. मी मेल्यावर माझ्या हातची माळ घालणारी कुणी आली तर ती तिच्या गाण्यात माझं नाव घेईल, आपणहून कसं घ्यायचं? आणि ज्या पद्धतीनं आम्ही गुरूला मान दिला, त्याच पद्धतीला धरून यांनी गाणं उचललं. नावामुळं गाणं घेतलं आणि घेतल्यावर नावच फेकून दिलं, वांग्याचं देठ टाकावं तसं. याला कुठल्या कायद्यात काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्यात याला फार वाईट शब्द आहे, तो लिहीत नाही.

चैत्रात येरमाळ्याच्या जत्रेत आम्ही आमराईत बसलो होतो. मी ते गाणं काढलं. पुढं बसलेली एक तरुण बाई, कडेवर लेकरू, मध्येच म्हणाली, "मावशी, तुमी चुकताय. लई हळू म्हणताय. मोबाईलवर असं न्हाई."

सुंदराबाई भडकली. "आगं ए, हिनंच केलंय ते."

ती बाई हसली. तिला खरं वाटलं नाही. आणि मी शेवटच्या कडव्यापर्यंत यायच्या आतच चौथ्या कडव्याला ती आणि तिच्या बरोबरच्या बाया हात जोडून उठल्या. त्यांच्या लेखी गाणं संपलं होतं. सोजरबाईचं नाव आलं तेव्हा पुढं कुणी नव्हतं, नुसती जत्रेत वेचलेल्या चुनखडीची धूळ उडत होती.

त्या बाईवर मी रागावले नाही. तिचा काय दोष. पण त्या दिवशी मला कळलं की माझं काय गेलं. इंटरनेटवरनं मी उडाले त्याचं एवढं नाही. माझ्या गुरूचं नाव बायांच्या तोंडातून जात होतं, आणि ते माझ्याच गाण्यातून.

वैशाखात भागवतच्या मुलाचं लग्न झालं. परडी भरायला त्यानं मेळ्याला बोलावणं धाडलं. दुसरा मेळा बोलावता आला नसता, आईचाच मेळा लागतो, म्हणजे आमचाच. मी जाणार नव्हते. सुंदराबाई म्हणाली, "कांते, बोलावणं देवीचं हाय, भागवत्याचं न्हाई. चल, पुरणपोळी तरी खाऊ त्याची."

गेलो. भर दुपार होती. मांडव अजून काढला नव्हता, कोपऱ्यात डीजेचे डबे रचून ठेवलेले. परडी भरली, जेवणं झाली. आधी जुनी गाणी म्हटली, सोजरबाईच्याही गुरूच्या नावाची. नवी सून डोक्यावर पदर घेऊन समोर बसली होती, मेंदीचे हात मांडीवर. मग भागवत चार पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कांताक्का, आता आईचं गाणं होऊ द्या. मोबाईलवर गाजलंय ते."

मी काढलं. ठरवून काही केलं नाही, देवीशपथ. पहिलं कडवं झालं, दुसरं, तिसरं, चौथं. पाहुण्यांपैकी दोघं-तिघं हात जोडून उठायला लागले. झांज चालूच होती. आणि मी थांबले.

भागवत माझ्याकडं बघत राहिला.

"पुढचं तुमी म्हणा," मी म्हटलं.

तो हसला. "म्या कुटं गातो, आक्का?"

"गाऊ नका. नुसतं म्हणा. ते नाव आता तुमच्याकडं हाय. मला ते घ्यायची परवानगी न्हाई."

एवढं मी भरल्या मांडवात बोलले. उठलेले पाहुणे परत बसले. झांज वाजत होती. भागवतनं घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. त्याला येत नव्हतं. आईच्या नावाचं कडवं, त्याच्याच घराच्या ओट्यावर वर्षानुवर्षं म्हटलेलं, त्याला येत नव्हतं.

"मोबाईलमधी आसंल की," असं म्हणून त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि गाणं लावलं. डीजेचा ठोका सुरू झाला. आमच्या झांजा आणि तो ठोका जुळेना. त्यानं गाणं बोटानं पुढं ढकललं, आणखी पुढं ढकललं. चौथं कडवं झालं, गाणं संपलं आणि लगेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली.

सुंदराबाई झांजेच्या वरनं म्हणाली, "भागवत्या, तुझी आय त्यात न्हाई रे. ती तेल आणाया गेली दिसती."

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. भागवत मोबाईल खिशात घालायच्या ऐवजी तसाच हातात धरून उभा राहिला.

त्याची बायको माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "आक्का, पाया पडते. गाणं उघडं ठिवू नका. नवी सून हाय घरात."

मी त्या पोरीकडं बघितलं. तिला काहीच कळत नव्हतं, ती आपली झांजेच्या ठेक्यावर बोट हलवत होती. माझा राग तसूभर कमी झाला नव्हता, पण तो तिच्यावर नव्हता. मी भागवतच्या बायकोला म्हटलं, "काळजी करू नका. खाली ठिवीन. पर हितं न्हाई."

झांज थांबवली नाही. तशीच वाजवत उठलो, वाजवत मांडवातून बाहेर आलो, वाजवत टमटममध्ये बसलो. गावातली पोरंटोरं बघत उभी होती. गावाबाहेर ओढा आहे, कोरडा. तिथं टमटम थांबवायला लावली. पाचजणी खाली उतरलो, करंजाच्या सावलीत उभ्या राहिलो आणि सोजरबाईच्या नावाचं कडवं म्हटलं. तेव्हा कुठं झांज खाली ठेवली. सुनीता बरोबर होती. तिनं मोबाईल काढला होता. माझ्याकडं बघितलं आणि न सांगता परत पर्समध्ये ठेवला.

ते कडवं आता इंटरनेटवर कुठं नाही, म्हणून या कागदावरही नाही. कागदाची सही होते, सहीची विक्री होते. ज्याला पाहिजे त्यानं समोर येऊन बसावं.

आठ-पंधरा दिवसांनी भागवतचा फोन आला. सुनीतानं माझ्या कानाला लावला.

"कांताक्का," तो म्हणाला. "ते आईचं नाव कसं येतं त्यात? तेवडं फोनवर सांगा की."

"घरी या," मी म्हटलं. "आदी झांज धरायला बसा."

अजून आलेला नाही.